कन्हार, मोरांड, सिहार, बरडी : उसाआधी जमीन ओळखा

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



ऊस लागवडीची नोंद करताना अर्जात 'जमिनीचा प्रकार' असा एक रकाना असतो. बहुतेक सभासद त्यात 'काळी' किंवा 'मध्यम' एवढाच शब्द भरतात, काही जण तो कोराच ठेवतात. अर्जातला हा सगळ्यात दुर्लक्षित रकाना आहे. परंतु पुढचे बारा-चौदा महिने उसाचे काय होणार, हे बेण्यापेक्षा आणि खताच्या पोत्यापेक्षा या रकान्यावर जास्त ठरते, असे आमचे मत झाले आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही प्लॉट पाहायला फिरतो तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, जमीन त चांगली काळीशार आहे, बेणं चांगलं आणलं, खत टाकलं, मंग ऊस काहून पिवळा पडते?" आणि लगेच बोट शेजारच्या बांधीकडे जाते. तीही काळीच, जातही तीच, पण तिथला ऊस हिरवागार. सभासदाला वाटते बेण्यात खोट आहे, नाहीतर खत बनावट आहे. कधी कधी तसे असेलही. पण बहुतेक वेळा उत्तर वरच्या वीतभर मातीत नसते. ते त्याखालच्या दोन-अडीच फुटांत असते आणि खड्डा खणल्याशिवाय दिसत नाही.

आपल्या भागात जमिनीला फार जुनी आणि नेमकी नावे आहेत. दुसरीकडे मृदाशास्त्राने केलेली वर्गवारीही आहे. या दोन्ही एकमेकींशी कशा जुळतात, कुठे जुळत नाहीत, आणि ऊस लावणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, ते या लेखात सांगत आहोत.

आपली जुनी वर्गवारी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पण जमिनीची नावे दोन्हीकडे एकच राहिली. जाणत्या माणसाला विचारा, तो 'काळी' म्हणून थांबणार नाही. तो पुढीलप्रमाणे सांगेल.

कन्हार म्हणजे जड, काळी, चिकण जमीन. पावसात पायाला गोळे लागतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. ओल फार दिवस धरते, म्हणून धानानंतर लाख-लाखोळी, हरभरा, जवस तिच्यात ओलीवर निघतो.

मोरांड ही कन्हारीपेक्षा हलकी. रंग काळसर ते तपकिरी. तिच्यात थोडी वाळू किंवा चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. ओल धरते, पण वाफसा लवकर येतो, नांगर-वखर सोपा जातो.

सिहार म्हणजे पिवळसर, रेती मिसळलेली जमीन. ओली असता मऊ, वाळली की दगडासारखी घट्ट. आपल्याकडचे कितीतरी धान हिच्यावर पिकते, पण पाण्याची सोय असेल तरच.

खर्डी ही उथळ, भुरकट, खडे-चुनखडी असलेली जमीन. बरडी म्हणजे उंचावरची, तांबूस, मुरमाड, गोट्यांची जमीन. आणि वैनगंगा, बाघ या नद्यांच्या काठाने दरवर्षी गाळ पडून झालेली जमीन, ती वेगळीच.

गावागणिक या नावांचा अर्थ थोडा इकडे-तिकडे होतो. एका गावची मोरांड दुसऱ्या गावात कन्हार म्हणून खपून जाते. तरी मूळ कल्पना पक्की आहे. इंग्रजी अमलात मध्य प्रांताची जमाबंदी झाली तेव्हा जमाबंदी अधिकाऱ्यांनी हीच नावे दप्तरात घेतली. जमीन कोणत्या जातीची आणि ती उंचावर की खोलगटात, तलावाच्या पाण्याखाली की कोरडवाहू, यावरून साऱ्याचा आकार बसवला. म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडची ही नावे नुसती बोलीभाषा नव्हती. त्यांच्यावर पैशाचा व्यवहार चालत होता.

ही नावे पडली कशी

पश्चिम विदर्भातली काळी जमीन ज्या काळ्या कातळापासून झाली, तो कातळ आपल्या बहुतेक भागात पायाखाली नाही. आपल्याकडे नाइस, ग्रॅनाइट असे फार जुने खडक आहेत. आपल्या आमगावचे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांतही आहे; तिथल्या जुन्या खडकांना 'आमगाव नाइस' म्हणतात. हे खडक झिजून आधी रेती, मुरूम आणि थोडी चिकणमाती होते. मग पाऊस तिची वाटणी करतो. मुरूम आणि गोटे उंचावर राहतात, ती बरडी. मधल्या उतारावर रेती जास्त, चिकणमाती कमी, ती सिहार. सगळ्यात बारीक कण पाण्याबरोबर वाहत खालच्या खोलगट भागात येऊन बसतात. तिथे ओल टिकते, चुना साठतो आणि जमीन काळी, जड होते. ती कन्हार. दोहोंच्या मधे मोरांड.

१९३५ साली पूर्व आफ्रिकेत काम करणारे मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी नेमके हेच मांडले. टेकडीच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंत जमिनी साखळीच्या कड्यांसारख्या एकामागून एक येतात, आणि उतारावरची जागा ठाऊक असली की जमिनीचा बराचसा अंदाज येतो. या रचनेला त्यांनी 'कॅटेना' म्हणजे साखळी असे नाव दिले. आपल्या कोणत्याही गावात झुडपी जंगलाच्या माथ्यावरून तलावाच्या पोटापर्यंत चालत या, ही साखळी एक-दोन मैलांत पायाखालून जाते.

ही साखळी पुस्तकाआधी ओळखली ती तलाव बांधणाऱ्यांनी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात कोहळी समाजाची नोंद आहे ती तलाव बांधण्यात निष्णात आणि ऊस पिकवणारा समाज म्हणून. नवेगावबांधचा तलाव लोकपरंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. पाणी कुठे अडवावे, पाळ कोणत्या मातीची घालावी, पाटाचे पाणी कोणत्या जमिनीला पोचवावे, हे जमिनीची जात ओळखल्याशिवाय होत नाही. ऊस आपल्या भागात कारखान्याबरोबर आला असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. कारखान्याच्या कितीतरी आधी तलावाखालच्या निवडक जमिनीत ऊस होता आणि गूळ होता. निवडक या शब्दाकडे लक्ष द्यावे.

शास्त्र जमीन कशी ओळखते

जमीन ही नुसता खडकाचा भुगा नाही. मूळ खडक, हवामान, वनस्पती-जीव, उंचसखलपणा आणि काळ यांच्या संयोगाने ती घडते. हा विचार रशियाचे दोकुचायेव यांनी १८८३ साली तेथील काळ्या जमिनीवरच्या ग्रंथात मांडला. भारतात लेदर यांनी १८९८ च्या सुमारास देशातील जमिनींचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार मोठे गट केले. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो ते जवळपास हेच. पण 'काळी' एवढे म्हटल्याने यवतमाळची आणि अर्जुनी मोरगावची जमीन एकाच पोत्यात पडते.

पुढे १९७५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने 'सॉइल टॅक्सॉनॉमी' ही पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या देशातही सर्वेक्षणासाठी हीच पद्धत वापरली जाते. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आपल्या जवळच, नागपूरला आहे. या पद्धतीत आज जगातल्या जमिनींचे १२ मुख्य वर्ग धरतात. त्यांच्या खाली उपवर्ग, आणि सगळ्यात शेवटी 'मालिका'. ज्या गावाजवळ ती जमीन प्रथम नीट पाहून नोंदली, त्या गावाचे नाव मालिकेला देण्याची रीत आहे.

वर्ग ठरवताना सर्वेक्षक वरची माती चिमटीत घेऊन थांबत नाही. तो खड्डा खणतो, थर मोजतो, रंगाच्या प्रमाणित पुस्तकाशी प्रत्येक थराचा रंग ताडून पाहतो. बोटांनी पोत पाहतो, सौम्य आम्ल टाकून चुना फसफसतो का बघतो, मुळे कुठपर्यंत गेली आणि डाग कुठे सुरू झाले ते लिहितो. मग प्रयोगशाळेत रेती, पोयटा आणि चिकण कण वेगळे मोजतात. ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक तो चिकण कण. एवढ्या बारीक कणांवर जमिनीचा बहुतेक स्वभाव अवलंबून असतो.

आता आपल्या नावांशी मेळ घालू. खोल कन्हार ही शास्त्राच्या 'व्हर्टिसोल' वर्गाजवळ जाते. या वर्गासाठी निदान ५० सेंटिमीटर खोलीपर्यंत चिकण कण ३० टक्के किंवा जास्त हवेत, वेळोवेळी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा हव्यात, आणि खालच्या थरात ढेकळांच्या बाजू एकमेकींवर घासून चकचकीत झालेल्या दिसायला हव्यात. लॅटिनमधल्या 'फिरणे, उलटणे' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. उन्हाळ्यात वरची माती भेगांत पडते, पावसात खालची फुगून वर रेटते, आणि जमीन वर्षानुवर्षे स्वतःलाच उलटी-पालटी करते. मोरांड बहुधा 'इन्सेप्टिसोल' या मध्यम घडलेल्या वर्गात पडते, काही ठिकाणी कन्हारीचे गुण अंगी बाळगून. सिहारीत खाली चिकणमातीचा थर साठलेला असेल तर ती 'अल्फिसोल'कडे झुकते, नसेल तर इन्सेप्टिसोल. उथळ बरडी ही 'एन्टिसोल', म्हणजे अजून फारशी थरबद्ध न झालेली जमीन.

पण हा मेळ एकास एक असा नाही, आणि मघाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. दीड फूट काळी माती आणि त्याखाली मोकळा मुरूम, तिलाही गाव कन्हार म्हणते. पाच फूट सलग चिकणमाती, खाली पाणी जायला वाटच नाही, तीही कन्हारच. वरून दोन्ही सारख्या. शास्त्राच्या वहीत मात्र त्या दोन वेगळ्या वर्गांत जातात, आणि उसाच्या दृष्टीने तर त्यांचा स्वभाव अगदी उलटा. पहिलीत पावसाळ्यात ऊस श्वास घेतो. दुसरीत गुदमरतो.

धानाची चांगली जमीन उसाची चांगली असेलच असे नाही

आपली जुनी वर्गवारी मुख्यतः धानासाठी झाली. धानाला पाणी उभे राहिलेले चालते, किंबहुना तेच हवे असते. म्हणून खोलगटातली, पाणी धरणारी बांधी गावात पहिल्या नंबरची. उसाला पाणी भरपूर लागते हे खरे, पण त्याच्या मुळाला हवाही तितकीच लागते.

आपल्याकडे वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हिशेब केला तर एका एकरावर ५२ लाख लिटरहून जास्त पाणी पडते, आणि त्यातले बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चहूबाजूंनी धुऱ्यांनी बांधलेल्या बांधीत हे पाणी जाणार कुठे?

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणत्याच जुन्या नावात येत नाही. पिढ्यानपिढ्या चिखलणी केल्याने बांधीत वरच्या वीतभर मातीखाली, साधारण १५ ते २५ सेंटिमीटरवर, एक दाबलेला घट्ट थर तयार होतो. धानाला तो फायद्याचा, कारण पाणी खाली मुरत नाही. उसाची मुळे मात्र तिथे अडतात आणि आडवी पसरतात. पावसाळ्यात वरच्या चिखलात कुजतात, आणि उन्हाळ्यात खाली ओल असूनही तिथवर पोचत नाहीत. मग वाऱ्याने ऊस लोळतो आणि दोष जातीवर येतो.

उथळपणाचाही हिशेब पाहा. एक मीटर खोल चिकण जमिनीत पिकाच्या उपयोगी पडेल असे पाणी साधारण १५ ते २० सेंटिमीटर साठते, रेताड पोयट्यात १० ते १२. आता बरडीत एकच फूट माती असली तर साठा झाला जेमतेम ३ सेंटिमीटर. मे महिन्यात वाढता ऊस दिवसाला ७-८ मिलिमीटर पाणी ओढतो. चार दिवसांत टाकी रिकामी. विहिरीला कितीही पाणी असो, भारनियमनात चौथ्या दिवशी पाळी येईल याची हमी कोण देणार?

मृदा आरोग्य पत्रिका आहे ना?

आहे, आणि ती जपून ठेवा. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी ही योजना सुरू झाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा १२ गोष्टी दिलेल्या असतात. खताची मात्रा ठरवायला तिचा उपयोग करावाच. पण त्या यादीत जमिनीची खोली नाही, पोत नाही, निचरा नाही. नमुना घेतात तो वरच्या वीतभर मातीचा. शिवाय योजनेच्या ठरलेल्या पद्धतीने बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकोनाला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना घेतला जातो. आपल्याकडे अडीच हेक्टरांत एका टोकाला सिहार आणि दुसऱ्या टोकाला कन्हार सहज निघते. पत्रिका म्हणजे घरात धान्य किती आहे याची यादी समजा. घराचा पाया कसा आहे, ते खड्डाच सांगेल.

खड्डा कसा घ्यावा आणि काय पाहावे

लागवडीच्या आधी, जमीन फार ओली नसताना, गटात तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत : उंच भागात, मध्यावर आणि सखल भागात. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल. एक बाजू उन्हाकडे उभी ताशीव ठेवावी म्हणजे थर स्पष्ट दिसतात. काम झाल्यावर खड्डे त्याच दिवशी बुजवावेत. पोरेबाळे आणि जनावरे पडण्याची भीती असते. पाणी भरून पाहायचा खड्डा रात्रभर राहतो, त्यावर फळ्या आणि काटेरी फांद्या टाकून ठेवाव्यात.

पहिले, खोली मोजा. मुरूम किंवा खडक कितीवर लागला? दीड फुटाच्या आत लागला तर उसाचा विचार दोनदा करावा. तीन फुटांपर्यंत नुसती माती असेल तर खोलीची चिंता नाही, निचऱ्याची आहे.

दुसरे, पोत. मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठ्याने पुढे सरकवत पट्टी काढा. पट्टी दोन इंचांपेक्षा लांब टिकली तर चिकण; एक ते दोन इंच टिकली तर चिकण पोयटा; इंचाच्या आत तुटली तर पोयटा; पट्टी होतच नसेल तर रेताड. वरच्या थराची आणि दोन फुटांवरच्या थराची अशी वेगवेगळी पट्टी काढा. वरची सिहार आणि खाली घट्ट चिकण असा प्रकार पुष्कळदा निघतो.

तिसरे, घट्ट थर. चाकूचे टोक वरून खाली दर दोन बोटांवर टोचत जा. वीतभर खाली एकदम जोर लागू लागला आणि जुनी धानाची मुळे तिथेच वळलेली दिसली, तर चिखलणीचा थर आहे असे समजा.

चौथे, रंग आणि डाग. मातीत तांबूस, गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे वर्षातून काही काळ पाणी तुंबते. राखाडी किंवा निळसर झाक असेल आणि वास येत असेल, तर तिथे बराच काळ हवा पोचत नाही. हे डाग दीड फुटाच्या आत असतील, तर चर काढल्याशिवाय ऊस लावू नये. पावसाळा मातीवर आपली खूण ठेवून जातो, ती एप्रिल-मे महिन्यातही वाचता येते.

पाचवे, चुना. पांढरे खडे दिसतात का? गट कार्यालयात सौम्य आम्लाची बाटली असते. दोन थेंब टाकल्यावर माती फसफसली तर चुना आहे.

सहावे, निचरा. सखल भागातल्या खड्ड्यात संध्याकाळी फूटभर पाणी भरा. ते मुरले की पुन्हा तेवढेच भरा आणि सकाळी पाहा. दुसरे पाणी सकाळी जवळजवळ तसेच असेल तर उत्तर मिळाले.

मग ऊस कुठे आणि कसा

मोरांड, अडीच-तीन फूट खोल, डाग नाहीत : ही आपली उसाची पहिली जमीन. लागवड आणि खोडवा दोन्ही इथे साधतात. ती धानात गुंतली असेल तर निदान उसाच्या नावाने बरडीवर खर्च करण्याआधी तिचा विचार करावा.

कन्हार : ऊस येतो, पण पाण्याला वाट दिली तर. गटाच्या उताराकडच्या धुऱ्यात तोंड ठेवून नाल्यापर्यंत चर काढावा. सरी उताराला धरून, चराकडे मोकळी होईल अशी काढावी. सुरू लागवडीला उशीर करू नये, म्हणजे पावसाळा लागेपर्यंत ऊस उंच होऊन मुळे स्थिर होतात. तलावाच्या पाळीलगतची, बारमाही पाझराची बांधी उसाला देऊ नये. तिथे धानच शोभते. तोडणीचाही विचार ठेवावा. परतीचा पाऊस लांबला तर कन्हारीत ट्रॅक्टर-ट्रॉली फसते, टोळी दुसरीकडे जाते आणि ऊस उभा राहतो. नोंदीत 'कन्हार, सखल' असे खरे लिहिले तर तोडणीचा क्रम लावताना आम्हाला ते पाहता येते.

घट्ट थराची बांधी, जात कोणतीही असो : उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना एकदा खोल नांगरट किंवा सबसॉयलर फिरवून थर फोडावा. ओल्या जमिनीत हे काम केले तर थर फुटत नाही, उलट दाबला जातो.

सिहार : दोन फूट खोली असेल आणि पाणी हाती असेल तर ऊस जमतो. शेणखत, धैंचा-बोरू, आणि खोडव्यात पाचट न जाळता सरीत ठेवणे, याला इथे पर्याय नाही. पाणी थोडे पण लवकर लवकर द्यावे. ठिबक असेल तर उत्तम. युरिया एकदम न देता चार-पाच वेळा विभागून द्यावा, नाहीतर पहिल्या सरीबरोबर वाहून जाईल. मामा तलावातला गाळ अशा जमिनीला फार मानवतो. धरणा-तलावांतला गाळ शेतात नेण्यासाठी राज्याने २०१७ साली योजनाही सुरू केली. पण तो गाळ कन्हारीत टाकू नये. जड जमीन आणखी जड होईल.

खर्डी : इथे पिवळेपणाचे कारण वेगळे. चुन्यामुळे लोह पिकाला मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला आपण केवडा म्हणतो. त्यावर हिराकसची फवारणी आणि शेणखतात मुरवलेले हिराकस उपयोगी पडते. पाणी तुंबून आलेला पिवळेपणा असा नसतो. सगळे पानच फिके होते, उपटल्यास मुळे तपकिरी, कुजलेली निघतात. तिथे हिराकस मारून पैसे घालवू नयेत, चर काढावा.

बरडी : ऊस लावू नका. कारखान्याच्या ऊस विकास अधिकाऱ्याने हे लिहावे याचे काहींना नवल वाटेल, कारण कारखान्याला ऊस हवाच आहे. पण बरडीवरचा ऊस पहिल्या वर्षी कसाबसा गाळपाला येतो, खोडवा मरतो आणि पीककर्जाचा आकडा सात-बारावर राहतो. असा सभासद पुन्हा चांगल्या जमिनीतही ऊस लावायला धजत नाही. त्यात ना त्याचा फायदा, ना कारखान्याचा. बरडीला तूर द्या, आंबा-सीताफळ द्या.

"आमच्याजवळ दोन एकर कन्हारच आहे, मंग आम्ही ऊस लावूच नये का?" असे विचारणारे सभासद पुष्कळ आहेत. त्यांना आमचे सांगणे असे : आधी खड्डा घ्या. ती दीड फुटाखाली मुरूम असलेली कन्हार असेल तर निचऱ्याची भीती कमी, पाण्याच्या पाळ्या मात्र जवळ-जवळ ठेवाव्या लागतील. खोल असेल आणि शेजाऱ्यांच्या संमतीने नाल्यापर्यंत चर निघत असेल तर जरूर लावा. चर निघतच नसेल, चारही बाजूंनी दुसऱ्याच्या बांध्या असतील, तर निम्म्या उंच भागात लावून पाहा. जमिनीची जात आपल्याला बदलता येत नाही. पाण्याची वाट बदलता येते.

सभासदांना विनंती

येत्या नोंदीच्या वेळी 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात काळी-मध्यम न लिहिता आपल्या गावचे नाव लिहावे : कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, जे असेल ते. शेजारी खोली फुटांत, डाग कितीवर दिसले ते, आणि गट उंच की सखल, एवढे लिहावे. खड्ड्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थराचे मूठभर ढेकूळ तीन पिशव्यांत घालून गट कार्यालयात आणावे. पाहण्यात अडचण वाटली तर ऊस सहायकाला बोलवावे, तो खड्ड्यावर येईल.

तरुण सभासदांना आणखी एक सांगणे. यांपैकी काही नावे तुमच्या कानावरून गेली नसतील. घरात जे जुने शेतकरी आहेत त्यांना एकदा शेतात घेऊन जा आणि कोणती बांधी कोणत्या जातीची, पाणी कुठे तुंबते, कुठून निघते, ते विचारून सात-बाराच्या झेरॉक्सवरच लिहून ठेवा. सर्वेक्षणाचे नकाशे मोठ्या भागाचे असतात. तुमच्या दोन एकरांची खडान्खडा माहिती त्यांच्याकडेच आहे. खड्डा घेताना त्यांना काठावर बसवा. त्यांचे सांगणे आणि खड्ड्यातले थर जुळले तर निर्धास्त लागवड करा. जुळले नाहीत तर आम्हाला बोलवा, दोन्ही पुन्हा तपासून मगच नोंद करू.